छोट्या वेबसाइटला एकच कॉलम पुरतो

पत्र: मी स्वतःची छोटी वेबसाइट करतो आहे. दहा-बारा मराठी लेख, थोडे फोटो, 'माझ्याविषयी' आणि संपर्काचं पान, एवढंच. एक तयार टेम्प्लेट उतरवून घेतलं. त्यात बारा कॉलमची चौकट, डावीकडे साइडबार, वर चिकटून राहणारी पट्टी असं सगळं आहे. लॅपटॉपवर छान दिसतं. मोबाइलवर मात्र पान आडवं सरकतं आणि साइडबार लेखाच्या वर येऊन बसतो. एक गोष्ट सुधारली की दुसरी बिघडते. एक मित्र म्हणतो फ्लेक्सबॉक्स शिक, दुसरा म्हणतो ग्रिड, तिसरा म्हणतो फ्रेमवर्क घे. एचटीएमएल बऱ्यापैकी येतं, सीएसएस जेमतेम. काय निवडू?

सल्ला: एक कॉलम निवडा. लेआउटच्या नावाखाली तुम्हाला जे लागणार आहे त्यातलं बरंचसं ब्राउझर स्वतःहून करतो. सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारे नियम, न जोडलेलं साधं एचटीएमएल पान उघडा आणि खिडकी अरुंद करून बघा. शीर्षकं, परिच्छेद, याद्या एकाखाली एक राहतात, ओळी जागा असेल तशा मोडतात, पान आडवं सरकत नाही. या मूळ वागण्याला नॉर्मल फ्लो म्हणतात. मोबाइलवर पान बिघडतं ते बहुतेक वेळा या फ्लोवर आपण ठरावीक रुंदीचे डबे बसवतो म्हणून. तेव्हा टेम्प्लेटची डागडुजी करत बसू नका. त्यातला मजकूर बाहेर काढा, कोऱ्या फाइलमध्ये एका कॉलमात मांडा. फ्लेक्सबॉक्स (गोष्टी एका ओळीत मांडायची सीएसएसची पद्धत) फक्त मेनूसाठी वापरा आणि ग्रिड (ओळी-कॉलमांत मांडायची पद्धत) फक्त फोटोंसाठी.

तुमच्या टेम्प्लेटचं नेमकं काय बिघडलंय तेही पाहू, कारण तीच चूक नव्या फाइलमध्येही शिरू शकते. साइडबार लेखाच्या वर येतो, कारण एचटीएमएलमध्ये तो लेखाच्या आधी लिहिलेला आहे. लॅपटॉपवर दोन्ही शेजारी बसतात म्हणून ते जाणवत नाही. जागा कमी पडली की कॉलम लिहिलेल्या क्रमाने एकाखाली एक रचले जातात. 'ऑर्डर' ही प्रॉपर्टी वापरून साइडबार खाली ढकलता येतो, पण मग डोळ्यांना दिसणारा क्रम एक आणि टॅबच्या बटणाने किंवा स्क्रीन रीडरने (पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) जायचा क्रम दुसरा, असा घोळ होतो. फाइलमध्येच लेख आधी लिहिला की हे मिटतं. तुम्हाला तर साइडबारच नको. त्यात सहसा चार ओळींची ओळख, ताज्या लेखांची यादी आणि काही लिंक असतात. ओळख 'माझ्याविषयी'च्या पानावर न्या, यादी पहिल्या पानावर, लिंक फूटरमध्ये.

बारा कॉलमची चौकट वाईट नाही, पण ती वेगळ्या कामाची आहे. बाराला दोन, तीन, चार आणि सहा या सगळ्यांनी भाग जातो, म्हणून लहानमोठे पुष्कळ तुकडे शेजारी शेजारी बसवायचे असतील तिथे ती सोयीची पडते. लेख वाचायच्या पानावर तुकडा एकच असतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे. खाली टॅगची आणि प्रॉपर्टींची नावं देवनागरीत दिली आहेत, फाइलमध्ये ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाका.

एचटीएमएल टॅगवर 'लँग' ला 'एमआर' (म्हणजे मराठी) अशी किंमत द्या. हेडमध्ये मेटा कॅरसेट यूटीएफ-८, पानाचं टायटल आणि मेटा व्ह्यूपोर्ट हवंच. व्ह्यूपोर्टमध्ये दोन गोष्टी लिहायच्या: विड्थ म्हणजे डिव्हाइस-विड्थ, आणि इनिशियल-स्केल म्हणजे १. ही ओळ राहिली तर मोबाइलचा ब्राउझर पान मोठ्या स्क्रीनसाठी आहे असं धरतो, सर्वसाधारणपणे ९८० पिक्सेल रुंदीवर मांडतो आणि मग आक्रसून दाखवतो. अक्षरं मुंगीएवढी दिसतात आणि तुमचं सीएसएस बरोबर असूनही उपयोग होत नाही. याच ओळीत 'युजर-स्केलेबल नो' असं काही टेम्प्लेटमध्ये असतं, ते काढून टाका. त्याने वाचकाला बोटांनी झूम करायला अडथळा येतो.

बॉडीमध्ये तीन भाग: हेडर, मेन, फूटर. हेडरमध्ये साइटचं नाव आणि मेनू, मेनमध्ये लेख, फूटरमध्ये संपर्क. लेखाला एकच एच-१, त्याखाली एच-२. एवढ्यावर थांबून मोबाइलवर पान बघा. दिसायला साधं असेल, पण सगळं वाचता यायला हवं. इथेच काही अडलं तर दोष मजकुराच्या मांडणीत आहे, सीएसएस त्याला झाकून टाकेल, दुरुस्त करणार नाही.

मग सीएसएस. पहिला नियम सगळ्या घटकांसाठी: बॉक्स-साइझिंगला बॉर्डर-बॉक्स. तो नसताना एखाद्या डब्याला रुंदी १०० टक्के आणि शिवाय दोन्ही बाजूंना पॅडिंग (डब्याच्या आतली मोकळी जागा) दिलं, तर पॅडिंग रुंदीच्या वर मोजलं जातं आणि डबा पडद्याबाहेर जातो. पान आडवं सरकण्याचं हे अगदी नेहमीचं कारण.

दुसरा नियम बॉडीसाठी, आणि तुमचा लेआउट म्हणजे मुख्यतः हाच. मॅक्स-विड्थ ३६ रेम, मार्जिन वर-खाली शून्य आणि डावी-उजवीकडे ऑटो, पॅडिंग सगळीकडे १ रेम, फॉन्ट-साइझ १.१२५ रेम, लाइन-हाइट १.७. 'विड्थ' न लिहिता 'मॅक्स-विड्थ' लिहायचं, कारण मोठ्या पडद्यावर कॉलम त्या मर्यादेपलीकडे पसरत नाही आणि लहान पडद्यावर मुकाट अरुंद होतो. नुसतं 'विड्थ' लिहिलं तर मोबाइलवरही तेवढीच रुंदी मागेल. मार्जिन ऑटो असल्याने उरलेली जागा दोन्हीकडे सारखी वाटली जाते आणि कॉलम मध्यभागी येतो. ब्राउझर बॉडीला मुळात ८ पिक्सेलचं मार्जिन देतो, तेही यात निघून जातं.

आकडे असे बसतात. एक रेम म्हणजे ब्राउझरचा मूळ फॉन्ट, वाचकाने बदललेला नसेल तर १६ पिक्सेल. ३६ रेम म्हणजे ५७६. त्यातून दोन्ही बाजूंचे १६-१६ गेले की मजकुराला ५४४ पिक्सेल उरतात, आणि १८ पिक्सेलच्या अक्षरात एवढ्या जागेत मराठीचे साधारण नऊ ते बारा शब्द मावतात. वाचायला ही लांबी सुखाची आहे. पंधरा-सोळा शब्द बसू लागले की ओळ संपल्यावर नजर परत डावीकडे येताना ओळ चुकते. तुमचा फॉन्ट पसरट किंवा निमुळता असेल तर एका ओळीतले शब्द मोजा आणि ३६ च्या जागी ३४ किंवा ३८ करून पाहा. इंग्रजी मार्गदर्शनात ६५ सीएच असं माप पुष्कळदा सांगतात. सीएच हे एकक शून्याच्या आकड्याच्या रुंदीवरून ठरतं आणि तो आकडा रोमन '0', त्याचा आपल्या जोडाक्षरांशी आणि वेलांट्यांशी काही संबंध नाही. मराठी मजकुराला रेमच धरा.

मापं पिक्सेलऐवजी रेममध्ये द्या याचं आणखी एक कारण: ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही ते ब्राउझरच्या सेटिंगमध्ये मूळ फॉन्ट मोठा करून ठेवतात. फॉन्ट-साइझ पिक्सेलमध्ये बांधली की त्यांची सेटिंग निष्फळ ठरते.

देवनागरीसाठी तयार टेम्प्लेट्स विशेष त्रास देतात, म्हणून इथे थोडं थांबू. ती रोमन लिपीसाठी केलेली असतात आणि शीर्षकांना बहुधा १.१ किंवा १.२ लाइन-हाइट दिलेली असते. शीर्षक दोन ओळींचं झालं आणि वरच्या ओळीतल्या 'उद्धृत'च्या बरोबर खाली 'सर्वांनी' आलं, तर वरच्या शब्दाचा ऋकार खालच्या रफाराला आणि अनुस्वाराला टेकतो. शीर्षकांना निदान १.४ द्या, मजकुराला १.७. हे आकडे एककाशिवाय लिहायचे. '२७ पिक्सेल' असं लिहिलं तर तीच उंची शीर्षकालाही वारशाने मिळते आणि मोठ्या अक्षराच्या ओळी एकमेकींवर चढतात.

दुसरा त्रास लेटर-स्पेसिंगचा. मेनू आणि शीर्षकं ऐटबाज दिसावीत म्हणून टेम्प्लेटमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवलेलं असतं. रोमनमध्ये ते खपतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटे सुटे पडतात. जिथे जिथे लेटर-स्पेसिंग दिसेल तिथे ते काढा. मजकूर दोन्ही कडांना समान करण्याचा मोहही आवरा. लांब मराठी शब्द आणि मोबाइलची अरुंद ओळ एकत्र आली की शब्दांमध्ये भगदाडं पडतात. डावीकडून सरळ, उजवीकडे सोडलेलं, हेच बरं.

वर जे 'लँग' ला 'एमआर' लिहिलं, त्याचा परिणाम दिसतोही. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीत रूढ असलेल्या वळणापेक्षा वेगळे आहेत. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं दिलेली असतात तो भाषा पाहून योग्य ते निवडतो. स्क्रीन रीडरलाही मजकूर कोणत्या आवाजात वाचायचा ते यावरूनच कळतं. फॉन्ट मात्र यंत्रात असलेलाच वापरला तरी चालेल, फॉन्ट-फॅमिलीत सॅन्स-सेरिफ एवढं पुरे. वेबफॉन्ट (पानासोबत उतरणारा फॉन्ट) घ्यायचाच असेल तर साधं आणि ठळक ही दोनच वजनं घ्या, कारण जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइल जड असतात. फॉन्ट-डिस्प्लेला स्वॅप द्या, म्हणजे फाइल उतरेपर्यंत मजकूर यंत्रातल्या फॉन्टमध्ये दिसत राहील.

आता मेनू. चार लिंकांना तीन आडव्या रेघांचं दडलेलं बटण लागत नाही. यादीच्या टॅगला डिस्प्ले फ्लेक्स, फ्लेक्स-रॅपला रॅप, गॅप ०.५ रेम आणि १.२५ रेम, लिस्ट-स्टाइल नन, पॅडिंग शून्य. रॅप महत्त्वाचं आहे: ते नसेल तर लिंक दुसऱ्या ओळीत उतरत नाहीत, एकाच ओळीत कोंबल्या जातात किंवा बाहेर पडतात. लिंकला डिस्प्ले इनलाइन-ब्लॉक आणि वर-खाली थोडं पॅडिंग द्या, बोटाने दाबायला बरं पडतं. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.२ या निकषांत दाबण्याच्या जागेला किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल सांगितले आहेत. ४४ ठेवता आले तर उत्तम.

वर चिकटणारी पट्टी टाकू नका. मोबाइल आडवा धरला की उंची ३६० पिक्सेलच्या आसपास उरते. त्यात ८० पिक्सेल पट्टीने खाल्ले, ब्राउझरची स्वतःची पट्टी वेगळी, मग वाचायला राहतं काय? शिवाय लेखातल्या एखाद्या शीर्षकाची लिंक दाबली की ते शीर्षक पट्टीखाली जाऊन लपतं. त्यावर स्क्रोल-पॅडिंग-टॉप हा उपाय आहे, पण पट्टी नसेल तर उपायही लागत नाही.

फोटोंचं पान ही एकच जागा जिथे ग्रिडची खरी गरज आहे. डब्याला डिस्प्ले ग्रिड, गॅप १ रेम, आणि ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्समध्ये रिपीट, ऑटो-फिल, मिनमॅक्स ९ रेम ते १ एफआर. याचा अर्थ: प्रत्येक कॉलम निदान ९ रेम, म्हणजे १४४ पिक्सेल असावा, तेवढे जितके मावतील तितके करा, आणि उरलेली जागा सारखी वाटून द्या. तुमच्या ५४४ पिक्सेलमध्ये तीन कॉलम मावतात, कारण तीन वेळा १४४ आणि मधली दोन अंतरं मिळून ४६४ होतात, चौथ्यासाठी ६२४ लागले असते. ३६० पिक्सेल रुंद मोबाइलवर कडा सोडून ३२८ उरतात, त्यात दोन बसतात. एकही मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीप्रमाणे नियम बदलणारी अट) न लिहिता हे होतं. ऑटो-फिलऐवजी ऑटो-फिट लिहिलं आणि फोटो एकच असला तर तो ताणून सगळी जागा व्यापतो, म्हणून थोड्या फोटोंना ऑटो-फिलच ठीक.

सगळ्या इमेजना मॅक्स-विड्थ १०० टक्के आणि हाइट ऑटो. दुसरी ओळ विसरलात तर रुंदी कमी होते, उंची तशीच राहते आणि चेहरे लांबट दिसतात. इमेजच्या टॅगवर मूळ रुंदी आणि उंचीचे आकडेही लिहा. त्यावरून ब्राउझर फोटो उतरण्याआधीच तेवढी जागा राखून ठेवतो, नाहीतर वाचता वाचता मजकूर अचानक खाली उडी मारतो. आणि कॅमेऱ्यातून आलेला ४००० पिक्सेलचा फोटो तसाच चढवू नका. कॉलमच्या साधारण दुप्पट, म्हणजे ११०० पिक्सेल रुंद केलात की दाट पडद्यांवरही स्वच्छ दिसतो.

तरीही पान आडवं सरकलं तर गुन्हेगार असा शोधा: तात्पुरता एक नियम लिहून सगळ्या घटकांना १ पिक्सेलची लाल आउटलाइन द्या. बॉर्डर नको, ती जागा खाते आणि मांडणी हलते. जो डबा पडद्याबाहेर गेलेला दिसेल तो पकडा. बहुतेकदा ती लांबलचक न तुटणारी वेब लिंक असते. बॉडीला ओव्हरफ्लो-रॅप ब्रेक-वर्ड द्या. कोडचा तुकडा असेल तर प्री टॅगला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो, म्हणजे तेवढाच भाग सरकेल. चिकटवलेल्या व्हिडिओची ठरावीक रुंदी असेल तर ती १०० टक्के करा आणि अ‍ॅस्पेक्ट-रेशो १६/९ द्या. आणि रुंदी १०० व्हीडब्ल्यू, म्हणजे खिडकीची पूर्ण रुंदी, असं कुठे लिहिलं असेल तर खोडा. त्यात उभ्या स्क्रोलबारची रुंदीही धरली जाते, म्हणून लॅपटॉपवर पान तेवढंच बाहेर सरकतं. बॉडीला ओव्हरफ्लो-एक्स हिडन देऊन प्रश्न दडवू नका, बाहेर गेलेला मजकूर मग वाचताच येणार नाही.

शिकताना एक काळजी घ्या. जुनी मार्गदर्शनं टेबलने किंवा फ्लोटने कॉलम करायला शिकवतात, मग क्लिअरफिक्स नावाची कसरत सांगतात. ग्रिड २०१७ च्या मार्चमध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांत आलं, फ्लेक्सबॉक्समधलं गॅप सफारीत २०२१ मध्ये पोचलं. मार्गदर्शन त्याआधीचं असेल तर लेआउटचा भाग सोडून द्या. फ्लोट आज एकाच कामाला योग्य आहे: फोटोच्या बाजूने मजकूर वळवायला, आणि अरुंद मोबाइलवर तेही नको. फ्रेमवर्कबद्दल, म्हणजे सीएसएसच्या तयार नियमांच्या संचाबद्दल, बोलायचं तर अनेक माणसं मिळून फॉर्म आणि तक्ते असलेलं मोठं काम करत असतील तिथे ते वेळ वाचवतं. तुमच्या साइटला जेमतेम तीस-चाळीस ओळींचं सीएसएस लागेल. त्यासाठी फ्रेमवर्कचे नियम शिकायचे आणि मग तेच खोडत बसायचं, हा उलटा व्यवहार आहे.

पहिल्या पानावर लेखांची साधी यादी ठेवा: शीर्षक, तारीख, हवी तर एक ओळ. दहा-बारा लेखांना चौकोनी कार्डं केली तर शीर्षकं लहानमोठी असल्याने खाली रिकामी भोकं पडतात. तारखेला फिकट रंग देताना फार फिकट करू नका. पांढऱ्यावर साध्या मजकुराला ४.५ ला १ एवढा तरी कॉन्ट्रास्ट हवा. #७६७६७६ हा करडा रंग त्या सीमेच्या जेमतेम आत बसतो, त्याहून फिका नको.

चढवण्याआधी खिडकी ३२० पिक्सेलपर्यंत अरुंद करून प्रत्येक पान एकदा वरपासून खालपर्यंत पाहा. १२८० पिक्सेलच्या खिडकीत ४०० टक्के झूम केलं की तीच रुंदी मिळते, म्हणजे अंधुक दिसणाऱ्या वाचकाला तुमचं पान कसं मिळेल तेही कळतं. नंतर ब्राउझरचा मूळ फॉन्ट २४ करून बघा. मेनू दोन ओळींत उतरला तर ठीक, एखादी लिंक कापली गेली तर कुठेतरी ठरावीक उंची लिहिली गेली आहे, ती काढा. शेवटी टॅबच्या बटणाने वरून खाली जा आणि प्रत्येक लिंकवर आल्यावर तिच्याभोवतीची कड दिसते का ते तपासा. आउटलाइन नन असं कुठे लिहिलेलं सापडलं तर तेवढी ओळ पुसा.